शिक्क्यावरचं कुंकू

खून-दरोड्यांचे कितीतरी तपास केले. त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. पण एका साध्या ना-हरकत पत्राचं प्रकरण काही डोक्यातून जात नाही. निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं आणि भोर-वेल्हे भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्याचं, गावाचं किंवा माणसांचं नाव इथे सांगणार नाही.

खबर मिळाली ती चहाच्या टपरीवर, आणि तीही शाबासकीच्या रूपात. एसटी स्टँडजवळचा चहावाला माझ्या ओळखीचा. ग्लास पुढे करत तो म्हणाला, "साहेब, त्या माळावरच्या तंबूंना तुमी परवानगी दिली, लई बेस केलं. वस्तीतल्या चार बायांच्या हाताला काम लागलं."

मी असली कुठलीही परवानगी दिलेली नव्हती. पण टपरीवर तसं बोलायचं नसतं. पोलिसाने आधी ऐकावं आणि मग तोंड उघडावं. चहा संपवला, हवालदाराला जीपमध्ये घेतलं आणि थेट माळावर गेलो.

धरणाच्या पाण्याच्या वर, उतारावर पाच तंबू होते. समोर राजगड. जागा चालवणारी बाई पंचेचाळिशीची, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. नवऱ्याचा पाय अपघातात अधू झालेला, त्यामुळे सगळा कारभार तिच्याकडे. मला बघून घाबरली तर नाहीच, उलट खूश झाली. "या साहेब. तुमची सही हाय म्हणून तर ह्ये उभं ऱ्हायलं," असं म्हणून तिने प्लास्टिकची फाईल पुढे ठेवली.

असली जागा चालवायची म्हणजे कागदांचं गाठोडं लागतं. सातबारा, ग्रामपंचायतीचा ठराव, पर्यटन खात्याकडची नोंदणी, आणि त्या नोंदणीसाठी आमचं ना-हरकत पत्र. बाईने सगळं क्रमाने लावलं होतं. शेवटचा कागद आमचा. ठाण्याचा मथळा, जावक क्रमांक, गोल शिक्का, खाली माझी सही. सही माझीच होती, त्यात शंका नाही. या कागदावर मात्र मी ती केलेली नव्हती.

"मूळ प्रत कुठं आहे?"

"भावजींनी आणून दिली ही. झेरॉक्स चालती म्हणाले."

भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर. तिला अजून काही बोललो नाही. कागद ताब्यात घेतो एवढं सांगितलं आणि निघालो. निघताना सवयीने जागा नजरेखालून घातली. पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर गुडघाभर उंचीची दोरी ताणली होती आणि तिला शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा बांधल्या होत्या. अंधारात कुणी शहरातला शहाणा पाण्याकडे निघाला की घंटा वाजणार. तंबूंच्या भोवती चार हात गवत कापून माती उघडी केली होती, वणवा आत शिरू नये म्हणून. ही अक्कल कुठल्या परिपत्रकात मी वाचलेली नाही.

ठाण्यात आल्यावर जावक रजिस्टर काढलं. त्या क्रमांकावर तंबू नव्हतेच. त्याच गावच्या यात्रेसाठी चैत्रात दिलेली लाऊडस्पीकरची परवानगी होती. म्हणजे वरचा मथळा आणि खालची सही तशीच ठेवून, मधल्या मजकुरावर दुसरा कागद चिकटवून झेरॉक्स काढलेली. युक्ती जुनी आहे. क्रमांक आणि तारीख बदलायचंही करणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दिराने कागद आणून दिला, म्हणून त्यानेच तो बनवला असं होत नाही. यात्रेची परवानगी गावात दहा जणांच्या हातून गेली असेल, तेव्हा नेमका कुणाचा कागद वापरला हे कसं ठरवायचं? शिक्क्याच्या कडेला बोटभर काळा डाग होता. मला वाटलं शाई पसरली. आमचा हवालदार त्याच खोऱ्यातला. त्याने कागद उजेडात धरला आणि हसला.

"शाई न्हाई साहेब, कुंकू हाय. हितं कुठलाबी सरकारी कागद आला की आदी देवापुढं ठिवत्यात आन् कुंकवाचं बोट लावत्यात. झेरॉक्समंदी लाल ते काळं दिसतंय."

धन्य! तीस वर्षं नोकरी केली आणि मला हे माहीत नव्हतं. यात्रा कमिटीकडून मूळ परवानगी मागवली. देवळातल्या लाकडी पेटीतून ती आली. शिक्क्याच्या कडेला, बरोब्बर त्याच जागी, कुंकवाचं बोट. पेटीची किल्ली एकाच माणसाकडे असायची, कमिटीच्या चिटणीसाकडे. चिटणीस म्हणजे बाईचा तो दीर.

त्याला बोलावलं. चाळिशीचा, टापटीप कपड्यांचा, गावात चार शब्द लिहिता येणारा म्हणून मान असलेला माणूस. असे लोक लवकर कबूल होत नाहीत, कारण त्यांना जेलपेक्षा गावाची भीती जास्त असते. तासभर तो "म्हाईत न्हाई" या पलीकडे गेला नाही. मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, "ठीक आहे. कागद तुझ्या वहिनीने दाखवला. बनावट कागद वापरला म्हणून गुन्हा तिच्यावर दाखल करतो. तू जा घरी."

तो उठला नाही. खाली बघत म्हणाला, "वैनीला हात लावू नका साहेब. तिला यातलं काय बी ठावं न्हाई. म्या केलंय."

"का केलंस? रीतसर अर्ज द्यायला काय झालं होतं?"

तेव्हा मात्र त्याने मान वर केली. "दिला व्हता की! सा वेळा आली ती हितं. कदी साहेब बंदोबस्ताला, कदी साहेब मिटिंगला. वैनी मला म्हणाली, भावजी, आता तंबू मोडते आन् बाजारात इकते. म्या तिला म्हणालो, थांब, मी बघतो."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. अर्जाची पोहोच. आमच्या ठाण्याचा आवक शिक्का, आषाढातली तारीख. त्याच्यावरही कुंकवाचं बोट होतं. म्हणजे बाईने पोहोचसुद्धा देवापुढे ठेवली होती. आणि त्या गड्याने केलेलं पत्र चैत्रातलं, अर्जाच्या आधीच परवानगी! आमच्या खात्यात असला वेग कुणी पाहिलाय?

मी हसलो नाही. माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूला कागदांचा एक गठ्ठा असायचा. घाई नसलेले, नंतर बघू असे. हवालदाराला सांगितलं नाही, स्वतः उठून चाळला. अर्ज तिथेच होता. कोपऱ्यात माझ्याच हातचा शेरा, 'पाहून बोलू'. मी ना पाहिलं, ना बोललो. चार महिने.

लाज वाटली. सरळ सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत बघवेना.

पण बनावट सही-शिक्का हा गुन्हा आहे आणि तो पोटात घालायचा मला अधिकार नव्हता. फिर्यादी मी झालो, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला. दिराला अटक झाली. दुसऱ्या दिवशी बाई ठाण्यात आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "पाव्हण्यांना माघारी धाडलं. तंबू उतरवलं. भावजी आत असताना म्या हितं कुणाला जेवू घालू?" फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. ती जागा तिने जवळजवळ सोडल्यातच जमा होती.

त्या दिवशी मी फिर्यादीत आणखी चार ओळी घातल्या. अर्ज कधी आला, त्याचा आवक क्रमांक काय, आणि तो माझ्या टेबलावर निर्णयाविना किती काळ पडला. वरिष्ठ चिडले. "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय? निवृत्ती तोंडावर आलीय." मी म्हणालो, "साहेब, धोंडा आधीच पडलाय. फक्त दुसऱ्याच्या पायावर." मला लेखी ताकीद मिळाली. ती अजून माझ्या सेवापुस्तकात आहे. दिराने कोर्टात गुन्हा कबूल केला. हा काय चोर नव्हे, हे कोर्टालाही त्या चार ओळींवरून दिसलं असावं. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडलं.

मग मी अर्ज काढला आणि कायद्याप्रमाणे जागेची पाहणी केली. औषधपेटी होती, वाळूच्या बादल्या होत्या, पाहुण्यांची वही बाईने शाळेच्या फळ्यासारखी स्वच्छ लिहिली होती. विस्तवाची जागा तंबूपासून आणखी लांब घ्यायला लावली, घंटांची दोरी तशीच ठेवा म्हटलं. पत्र टाइप करून घेतलं, सही केली, शिक्का मारला आणि या खेपेला स्वतः माळावर घेऊन गेलो.

बाईने दोन्ही हातांनी कागद घेतला. घरात गेली, देवापुढे ठेवला. मी दाराशीच उभा होतो, दीरही शेजारी मान खाली घालून उभा. तिने कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं, आणि कागदावर नेता नेता हात थांबला. वळून माझ्याकडे बघितलं.

"साहेब, लावू का नको?"

आयुष्यभर लोकांनी मला बरंच काही विचारलं, पण इतकं कुणी कोंडीत पकडलं नव्हतं. ज्या बोटाने तिचा दीर पकडला गेला, ते बोट आता माझ्या हुकमाची वाट बघत होतं.

"लावा," मी म्हणालो. "पण शिक्क्यावर नको. माझ्या सहीवर लावा. फार उशिरा झालेली आहे ती."

दीर हसला. बाई हसली नाही. तिने नीट बघून बोट सहीवर टेकवलं आणि मग म्हणाली, "बसा. च्या टाकते."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलाची डावी बाजू मी रिकामी ठेवली. शिपायाने दोनदा तिथे फुलदाणी ठेवून पाहिली, दोन्ही वेळा मी ती काढायला लावली.