वाट तोडलीत

चष्म्याच्या दुकानात त्यांच्याइतका सबुरीचा माणूस नव्हता. एक भिंग घासायला दोन दिवस लावायचे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून "हे बरं दिसतं, की हे?" असं चाळीस वेळा विचारायचे आणि एक्केचाळिसाव्यांदा विचारताना खजीलही व्हायचे नाहीत. पत्त्यांत, ब्रिजच्या टेबलावर मात्र बोटांना चाकं फुटायची. डावीकडच्याने पहिलं पान टाकायचा अवकाश, यांनी आपलं ओढलेलंच. बायकोने नाव ठेवलं घाईराव. क्लबाने ते उचललं, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्या नुसत्या "नंबर सांगा" वर लोक सरळ बसायचे. पाच महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, शब्द काही परत येणार नाहीत, समज किती उरली आहे ते सांगता येत नाही. घाईराव म्हणायचे, सगळी उरली आहे. मुलगी म्हणायची, काहीच नाही. मुलीचंही खोटं नव्हतं. घाईरावांच्या हातून आई न्हाणीघरात दोनदा पडली होती, आणि दुसऱ्यांदा तर दोघंही तासभर फरशीवर पडून राहिले होते. शुश्रूषागृहात सोमवारपासून एक खाट मिळत होती. बापलेकीत बरीच हुज्जत झाल्यावर एवढं ठरलं, की आईला काहीतरी कळतं हे बाबांनी एकदा, एकदाच दाखवावं. मग मुलगी त्या खाटेचं नाव काढणार नाही.

घाईरावांच्या डोक्यात एक जुना डाव होता.

ब्रिजमध्ये जो डाव खेळतो त्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात, आणि डमीला बोलायची बंदी असते. डमी असताना बायको नियमाची पक्की, चकार शब्द काढायची नाही. पण यांनी चुकीचं पान ओढलं, की तिच्या डाव्या हाताचा अंगठा हळूच मुठीत जायचा. पान पडून गेल्यावर त्या इशाऱ्याचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून तो नियमात बसायचा. नाहीतर कुणी दाखवून दिल्यावर तिने तो हात मांडीखाली दाबून ठेवला असता. हे घाईरावांना चौतीस वर्षं माहीत होतं, तिला स्वतःला बहुधा कधीच कळलं नाही. आणि डावा हात तर शाबूत होता.

तो डाव बावीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातला. तेरापैकी नऊ हात करायचे होते. डमीत चौकटची पाच पानं, राजापासून खाली सलग. फक्त चौकटचा एक्का बाहेर. तो एकदा निघाला की उरलेल्या चौकटी आपल्याच. पण त्या घ्यायला डमीत पोचायला हवं, आणि तिथे पोचायची वाट एकच होती, डमीतला इस्पिकचा एक्का. डावीकडून इस्पिकची राणी आली. इस्पिकचा राजा घाईरावांच्या हातात होता. राजाने हात घ्यायचा आणि एक्का पुढच्यासाठी जपायचा, बस. दहा सेकंद थांबले असते तर शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. घाईरावांनी एक्का ओढला आणि सामना घालवला. घरी पोचून कुलूप उघडताना बायको म्हणाली, "वाट तोडलीत." त्यानंतर चार दिवस अबोला. पुढे किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं, दूध उतू घालवलं, की घरात हेच दोन शब्द ऐकू यायचे. मुलगी त्यांवरच वाढली.

शनिवारी दुपारी घाईरावांनी आठवून आठवून तो डाव पत्त्यांच्या कॅटमधून लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खेळण्याआधी आखणी केली. खात्रीचे हात किती? बायको आवाजाकडे मान वळवते, पण पंख्याकडेही वळवते. हसते, पण सगळ्यांनाच. खात्रीचा एकही निघेना. मग राहिलं एवढंच, की हवं ते पान हवं तिथेच आहे असं मानून खेळायचं. हेही तिनेच शिकवलं होतं.

रविवारी चार वाजता पलंगाभोवती खुर्च्या मांडल्या. डावीकडे मुलगी, उजवीकडे मावशी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण. समोर ती, पाठीशी तीन उशा लावून, आणि तिच्यापुढच्या जेवणाच्या ट्रेवर डमीची पानं. घाईरावांनी सांगितल्याप्रमाणे मुलीने इस्पिकची राणी टाकली.

घाईराव थांबले. इतके थांबले, की मावशीने त्यांची तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. मग त्यांनी हात लांब केला आणि डमीतला एक्का ओढला.

बायकोचा डावा हात ट्रेच्या कडेला होता. बोटं उघडी, अंगठा उघडा. घाईरावांनी दहापर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं. ती पंख्याकडे बघत होती. त्यांनी मान खाली घातली तेव्हा डावीकडे मुलीचा हात दिसला. तिची मूठ घट्ट मिटलेली होती आणि अंगठा आत होता. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"वाट तोडलीत, बाबा," ती म्हणाली.

घाईराव तरीही खेळत राहिले. वेडी आशा, दुसरं काय. दोन चौकटी खेळल्या, दुसरीवर मावशीचा एक्का पडला. आता डमीत तीन चौकटी होत्या, तिन्ही जिंकणाऱ्या, आणि तिथे जायला वाट नव्हती. तेवढ्यात बायकोचा डावा हात हलला. तो जिंकून बाजूला ठेवलेल्या पानांवर गेला, त्यातून चौकटचा राजा उचलला, त्याच्या चित्रावरून अंगठा फिरवू लागला. पानाच्या रंगावर खूश होऊन ती हसली.

"सोमवारी किती वाजता?" घाईरावांनी विचारलं.

"दहा वाजता," मुलगी म्हणाली. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली.

घाईरावांनी पानं गोळा केली. चौकटचा राजा बायको सोडेना. ओढून बघितला तर तिने ओठ काढले. एक्कावन्न पानांच्या कॅटने ब्रिज खेळता येत नाही. त्यांनी एक्कावन्न पानं डबीत भरली, झाकण लावलं आणि डबी तिच्या सोमवारी न्यायच्या पिशवीत, कपड्यांच्या खाली ठेवून दिली.