सिस्टीमला जामीन राहिलेले बब्रुवानकाका

तुळजापूरच्या बसस्टँडामागं एक लॉज आहे. कृष्णराजनं ते जुन्या मालकाकडून विकत घेतलं तेव्हा त्यात खाटा होत्या, गाद्या होत्या, एक संगणक होता आणि बब्रुवानकाका होते. संगणक आणि काका दोघंही काउंटरवर सापडले, म्हणून कृष्णराजनं दोघांनाही तिथंच ठेवलं. दुकानातून येताना संगणकात जी सिस्टीम भरून आली होती, तीच अजून चालू होती. काकांचंही तसंच. जुन्या मालकानं जे एकदा डोक्यात भरलं, ते काही केल्या निघायला तयार नव्हतं.

काका म्हणजे अजब वल्ली. सोलापूरच्या गाडीतून माणूस उतरला की नुसत्या पिशवीवरून सांगणार, हा मुक्कामी की दर्शन घेऊन परत. निम्म्या वेळा चुकायचे, पण चुकले तर दोष यात्रेकरूचा. संगणकाशी त्यांचं रोजचं भांडण. तो सुरू झाला की पडद्यावर एक सूचना यायची. ती कशाची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काका तिला "न्हाय म्हणलं की न्हाय" असं दटावून बंद करायचे आणि मगच कामाला लागायचे.

यंदा कृष्णराजनं जुनं लॉज बंद करायचं ठरवून बायपासला नवं बांधलं. रंग झाला, नळ बसले, नवा संगणकही आला. तिथल्या काउंटरवर कोण बसणार, हे मात्र कुणी बोललं नाही. काकांनीही विचारलं नाही. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर काय घ्या? त्यापेक्षा त्यांनी संगणकाचीच चौकशी लावली. जुन्याचं काय करणार, भंगारात देणार का, त्याच्या आतलं सगळं कुठं जाणार. दिवसातून दहादा तेच. शेवटी कृष्णराज वैतागला आणि त्यानं हे लचांड आपल्या लेकीच्या, गायत्रीच्या, गळ्यात घातलं. ती सोलापूरला इंजिनिअरिंग शिकते.

गायत्रीनं तोड काढली. लॉजच्या खोल्यांचा प्रोग्राम जुन्या सिस्टीमशिवाय चालतच नव्हता. तेव्हा नव्या संगणकाच्या पोटात एक लटका संगणक तयार करायचा, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि जुनी सिस्टीम उचलून जशीच्या तशी त्यात नेऊन बसवायची. आपलं घर बदललंय हे तिला कळणारही नाही. काका तुळजापूरचा माणूस, त्यांना हे झटक्यात पटलं. आई भवानीसुद्धा निद्रेला सिंहासनावरून पलंगावर जाते, म्हणून काय ती दुसरी होते? फक्त मंगळवारी हलवू नका, मंगळवारी गावात गर्दी असते, सिस्टीमला धक्काबुक्की नको, एवढंच त्यांनी बजावलं.

नवा संगणक जुन्या काउंटरवर आणून हलवाहलव झाली. नव्या पडद्यावर जुनी सिस्टीम उघडली. काका चष्मा सावरून बघायला बसले आणि त्यांचा चेहराच पडला. ती सूचना आली नाही. गायत्रीनं मोठ्या हौसेनं ती काढून टाकली होती. "ही आपली न्हाय," असं म्हणून काका उठले आणि चहाला गेले. आता काय करावं या माणसाला! पोरीनं कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं नेलं, खोडीसकट. सूचना आली, काकांनी तिला दटावलं, त्यांची कळी खुलली.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात दुसरीच अक्षरं उमटली. सिस्टीमची ही प्रत अस्सल नाही.

काकांचा पारा चढला. गायत्री परोपरीनं समजावत होती, की परवाना जुन्या डब्याच्या नावानं आहे, डबा बदलला की सिस्टीमला ओळख पटवावी लागते, आपण नवा परवाना घेऊ, मग काही कटकट नाही. पण ऐकतो कोण? इतकी वर्षं इमानानं राबलेल्याला खोटं ठरवायचं म्हणजे काय? त्यांनी हट्टानं कंपनीच्या मदतीचा नंबर लावायला लावला. पलीकडं यंत्रातली बाई एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. काकांनी काहीच दाबलं नाही. सरळ साक्ष द्यायला सुरुवात केली.

"बाई, म्या तुळजापुरातनं बब्रुवान बोलतोय. ही सिस्टीम अस्सल हाय, म्या जामीन ऱ्हातो. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं, पाटी बदलली, म्हणून आमी काय नकली झालो व्हय?"

पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा, बाई म्हणाली.

"तुमीच ऐका पुन्यांदा. आमी दोघं बी जुन्या मालकाच्या वेळचे. लॉजासंगट आलो. आता जागा बदलली, तर तिला तरी आत घ्या. माझं काय व्हायचं ते..."

बाई धन्यवाद म्हणाली आणि फोन बंद झाला.

दारात कृष्णराज उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मोटारसायकल काढली, काकांना मागं बसवलं आणि थेट बायपासला नेलं. वाटेत काकांनी मनातल्या मनात आपली वळकटी बांधूनसुद्धा घेतली.

नव्या लॉजात काउंटर बसवून झालं होतं. मुरुम गावचा सुतार सोमलिंग तिथंच होता. मालकाला बघताच त्यानं रडगाणं लावलं. तुमी दिलेल्या मापानं काउंटर लई बुटकं झालंय, गिऱ्हाईक वाकून वाकून मरंल, लोक आपल्या नावानं हसतील, अजून सांगा, वीतभर उंच करून देतो. कृष्णराजनं साफ नाही म्हटलं. मग काकांच्या दंडाला धरून त्यांना काउंटरमागं नेऊन उभं केलं.

बब्रुवानकाका पाच फुटालाही कमी पडतात. त्यांची कोपरं काउंटरवर बरोब्बर टेकली.

"तुमी न्हाय तर दुसरं कोण बसणार हितं, काका?" कृष्णराज म्हणाला. त्याच्या आवाजात चांगलाच राग होता.

काकांनी लाकडावरून हात फिरवला. खाली बघितलं, वर बघितलं, कुणाच्या तोंडाकडं मात्र बघितलं नाही. डोळे भरले होते, दुसरं काय. मग ते सोमलिंगकडं वळले.

"उंची बरुबर हाय," ते म्हणाले. "आता हात लावशील तर बघ."