बुवांसाठी सोडलेली जागा

माझ्या कामाचा पगार मिळतो हे लोकांना सांगूनही पटत नाही. पवईच्या एका ऑफिसात बसून मी एकच वेबपान निरनिराळ्या ब्राउझरमध्ये उघडून बघते. बटण जागच्या जागी आहे का, अक्षरं एकमेकांवर चढलीत का, कुठे काही तुटलंय का. तुटलं असेल तर कळवते, कोणीतरी दुरुस्त करतं, आणि मी पुन्हा तेच पान उघडते. असं काम करणाऱ्या बाईला इंटरनेटचं फारसं कौतुक उरत नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दर गणपतीत भाषणात सांगतात की जग किती जवळ आलंय. मी मागच्या खुर्चीवर बसून मोबाईल बघत असते.

आम्ही चारकोपला राहतो. माझे वडील आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण त्यांना कोणी काय करता विचारलं तर ते यातलं काहीच सांगत नाहीत. ते म्हणतात, मी पखवाज वाजवतो. दर गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात त्यांचं भजन मंडळ बसतं. सगळे मालवण-कुडाळकडचे, सगळ्यांचे गुडघे दुखतात. कोकणातल्या भजनात बुवा ओळ गातो आणि बाकीचे झांजा वाजवत तीच ओळ उचलतात, त्याला कोरस म्हणतात. बुवाशिवाय भजन उभंच राहत नाही. आमचे बुवा बाबांबरोबर गिरणीत होते, शेजारच्या गावचे होते आणि चारकोपला पुढच्याच गल्लीत राहत होते. बाबांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाला साथ केलेली नाही.

बुवांची बायको गेली तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना कॅनडाला घेऊन गेला. सामानाचं वजन वाढत होतं म्हणून पेटी इथेच राहिली. मंडळातले एक काका ती वाजवायला लागले. गायचं कोणी, हा प्रश्न आला तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू कंप्युटरातली मा? त्याका हय आणून बसव."

माझा जुना लॅपटॉप मी सोसायटीच्या ऑफिसात नेऊन ठेवला. त्याच्यावर नवीन काही चढत नव्हतं, पण ब्राउझरमध्ये लिंक उघडली की भागत होतं. दुसरी लिंक बुवांच्या सुनेला पाठवली. लॅपटॉप कुठे ठेवायचा यावर कोणी चर्चा केली नाही. बुवा बसत त्या जागेवर, उपड्या डब्यावर तो ठेवला गेला.

आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. बुवा आंघोळ करून, बुक्का लावून समोर बसले होते. मागच्या खिडकीत बर्फ दिसत होता.

"आयकाक येता मा रे?" बाबांनी विचारलं.

"येता तर. च्या घेतलंस?"

दोघांनी चहा, थंडी आणि गुडघे यांची विचारपूस केली. मला वाटलं, माझं काम झालं. मग बुवांनी पहिली ओळ घेतली आणि सगळ्याची वाट लागली.

ओळ इकडे येईपर्यंत थोडा उशीर व्हायचा. आमच्या लोकांनी ती उचलली की ती तिकडे पोचायला आणखी उशीर. बुवांना वाटायचं कोरस रेंगाळतोय, म्हणून ते थांबायचे. ते थांबले की इकडे वाटायचं बुवांनी लय कमी केली, म्हणून हे आणखी हळू व्हायचे. गजर चढत जायला हवा, तो बसत बसत चालला आणि शेवटी सगळे गप्प झाले.

"पखवाज मागे पडता रे," बुवा म्हणाले.

"माझो? तूच मागे पडतस," बाबा म्हणाले.

दोघांचे चेहरे पडले होते. मी मध्ये पडून समजावलं की मागे कोणीच पडत नाही. आवाज इथून निघून तिकडे पोचायला आणि तिथून परत यायला वेळ लागतो, मिळून सेकंदभर म्हणा. बोलताना तो कळत नाही, कारण बोलताना माणसं तशीही एकमेकांसाठी थांबतात. बाबांनी तेवढा वेळ मांडीवर बोटांनी वाजवून बघितला.

"ह्येच्यात मात्रा जातत. कमी कर."

"कमी होत नाही, बाबा."

"कोणाक तरी इचार."

विचारण्यासारखं कोणी नव्हतं. मी आठवडाभर अधूनमधून त्यावर विचार केला, कारण ऑफिसात त्याहून बरं काही विचार करायला नव्हतं. उत्तर तसं सोपं निघालं. दोघांपैकी एका बाजूने दुसऱ्याला ऐकायचंच नाही. एकाने पुढे जात राहायचं, दुसऱ्याने ऐकत ऐकत त्याच्याबरोबर गायचं. जो ऐकेल त्याच्याकडे सगळं तालात लागेल. जो पुढे जाईल त्याला समोरच्याचा आवाज मिळणार नाही.

पुढच्या गुरुवारी हे मंडळापुढे मांडलं तेव्हा सगळ्यांना आधी वाटलं की मी थट्टा करतेय. भजन करायचं आणि बुवाला ऐकायचं नाही? बाबांनी मात्र पखवाज घुमावा म्हणून त्याला कणीक लावता लावता सगळं ऐकून घेतलं.

"तो थय येकटो आसा," ते म्हणाले. "तो आयकांदे. आमी नाय आयकनव."

तेव्हापासून तसंच चाललं. गप्पा झाल्या की मी लॅपटॉपचा आवाज बंद करायची. माईक चालूच असायचा. बाबा ठेका धरायचे. बुवांच्या ओळीपुरती जागा सोडायची, तेवढ्यात नुसती पेटी आणि हलका पखवाज, मग कोरस. पडद्यावर बुवांचे ओठ हलायचे, तेही जरा उशिराच. हात समोर पेटी असल्यासारखे हवेतच फिरायचे. बाहेरून कोणी बघितलं असतं तर त्याला हे लोक बिनआवाजाच्या सिनेमासमोर भजन करताना दिसले असते. एकदा सुनेने तिकडून रेकॉर्ड करून पाठवलं. त्यात बुवांचा आवाज, बाबांचा पखवाज, कोरस, सगळं एकमेकांत चपखल बसलेलं होतं. बाबांनी फोन कानाला लावून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन मला परत दिला. "लागला हा," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मला माझ्या कामाचा थोडासा अभिमान वाटला.

मंडळात सगळेच खूश नव्हते. आमच्या सेक्टरमध्ये एक तरुण बुवा आहे, आवाज खणखणीत, गणपतीत लोक त्याला मुद्दाम बोलावतात. त्याला घ्यावं असं दोघातिघांचं म्हणणं होतं. समोर जिवंत माणूस बसून गाणार, मग हा डब्यावरचा पडदा कशाला? त्यांचं चूक होतं असं मला कधीच वाटलं नाही. बाबांचं उत्तर दर वेळी एकच असायचं.

"तो गाता हा तवसर ती जागा त्याची. गायचो बंद झालो की बोला."

हे बुवांच्या कानावर गेलं होतं. माईक चालू ठेवून माणसं काय काय बोलतात, हा माझ्या नोकरीतलाही रोजचा विषय आहे.

मग काही गुरुवार बुवा आलेच नाहीत. ताप आहे म्हणून निरोप आला. परत आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. भजन सुरू व्हायच्या वेळेलाच यायचे, हात जोडायचे, ओठ हलवायचे, आरती झाली की पुन्हा हात जोडून जायचे. चहाची चौकशी बंद झाली. बाबांनी फोन केला तर मुलगा सांगायचा, झोपलेत. बाबांना राग आला होता, पण ते तो वाद्यावर काढत नाहीत, आईवर काढतात.

त्यानंतर मला बुवांच्या सुनेचा फोन आला, सकाळी, मी ऑफिसात नुकती पोचले तेव्हा.

"तुला एक सांगायचंय, पण तुझ्या बाबांना बोलू नकोस ना," ती म्हणाली. "पप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. ती काढली, बरे आहेत आता. पण आवाज गेला. नुसती हवा येते."

"मग गुरुवारी काय करतात?"

"तोंड हलवतात. तुम्ही आवाज बंदच ठेवता ना, म्हणून. मी म्हटलं सांगून टाका, तर पाटीवर लिहून दाखवतात की माझी जागा जाईल. अगं, गुरुवारसाठी बुधवारपासून कपडे काढून ठेवतात. दुसरं काही नाहीये त्यांना इथे."

मला लोकांची गुपितं सांभाळायची हौस नाही. पण मी हो म्हटलं. बाबा शब्दाचे पक्के, त्यांनी जाहीर केलेली अट त्यांना मोडवणार नाही, असं मला वाटत होतं. नंतरचे गुरुवार मी लवकर निघायची, सगळ्यांच्या आधी पोचायची, लॅपटॉप स्वतः उघडायची आणि आवाज स्वतः बंद करायची. पडद्याकडे मी बघत नसे. बघितलं की वाईट वाटायचं.

एका गुरुवारी ऑफिसातलं काम अडकलं. मी घरी फोन केला की मी येईपर्यंत लॅपटॉपला हात लावू नका. बाबांनी तो निरोप अर्थातच मानला नाही. एवढ्या वेळा बघितलंय, लिंक तर उघडायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी लिंक बरोबर उघडली. आवाज बंद करायचा राहिला.

मी दारात पोचले तेव्हा पहिला अभंग सुरू होता. कोरसची ओळ संपली आणि बुवांसाठी जागा सुटली. लॅपटॉपमधून आमच्याच झांजांचा शेवटचा तुकडा उशिराने परत आला. मग तिकडची खोली ऐकू आली. कुठलं तरी यंत्र घरघरत होतं, नळ सुरू होऊन बंद झाला. पडद्यावर बुवा मान वर करून, डोळे मिटून ओळ घेत होते, आणि श्वासाच्या खरखरीपलीकडे तिथून काहीच येत नव्हतं.

पेटीवाल्या काकांचं बोट सुरावर तसंच दाबलेलं राहिलं. तरुण बुवाची बाजू घेणारे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मी चपला न काढताच आत शिरले आणि बटणाकडे हात नेला. बाबांनी मान हलवून मला नको म्हटलं.

ते बरोबरच होतं. आवाज बंद ठेवायचा तो ताल चुकू नये म्हणून. आता तिकडून येऊन ताल चुकवेल असं काही उरलंच नव्हतं.

बाबांचा ठेका कुठे हलला नाही. जागा पूर्ण होईपर्यंत त्यांनी तो तसाच हलका चालू ठेवला, मग मानेने इशारा केला, आणि कोरसने ओळ उचलली. कोणी न गायलेली ओळ त्या लोकांनी उचलली, तीही एरवीपेक्षा जोरात. पुढची जागा सोडली. ती खरखर आली. पुन्हा उचलली. एक काका रडत झांज वाजवत होते. मीही रडले, ते लपवण्यात अर्थ नव्हता.

आरती झाली. पलीकडे बुवांनी हात जोडले आणि उठायला लागले.

"थांब रे," बाबा म्हणाले.

क्षणभराने बुवा थांबले. त्यांनी मफलर घट्ट केला आणि खाली बघत बसले. तरुण बुवाचं नाव आता निघेल, असं बहुतेक सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

"फुडच्या गुरवारी गवळण घेवची हा," बाबा पखवाज पुसत म्हणाले. "ती तूच म्हणायची. तयारी करून ठेव."

बुवा हलले नाहीत. मला वाटलं पडदा गोठला. मग त्यांनी मान वर केली, बाबांकडे नीट बघितलं आणि हात पुढे करून दोन बोटं दाखवली.

"दोन गवळणी कशाक?" बाबा म्हणाले. "येकच. टायम नसता."

बोटं खाली आली नाहीत.

"बरा," बाबा म्हणाले. "दोन."