आमच्या साडूंचा कान

गाडीला मालक असतो, चालक असतो. पण स्वतःच गाडीचा पार्ट होऊन बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे हे यजमान सापगावचे. त्यांनी आपल्या जुन्या गाडीला एलपीजीचं किट बसवलं, त्या दिवसापासून मी दमलेलो आहे. मेस्त्रीने त्यांना समजावलं होतं की गॅसचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, तो वेळेआधी भडकत नाही, म्हणून ठिणगीचं टायमिंग जरा पुढे घेतलंय. पण याच टायमिंगवर पेट्रोलने चढ चढलात तर इंजिन आतून टकटक करेल आणि पिस्टनची वाट लागेल. नवीन गाड्यांत ती टकटक ओळखायला नॉक सेन्सर असतो, तुमच्या गाडीत तो नाही. साडू शांतपणे म्हणाले, "सेन्सर नाय तर नाय. आमी हाय ना."

तेव्हापासून ऑक्टेन हे त्यांचं माणसं मोजायचं माप झालं. शहापूरच्या बाजारात भाव विचारताच अंगावर येणारी भाजीवाली लो ऑक्टेन, आणि कचेरीत हेलपाटे घालूनही हसतमुख राहणारा माणूस हाय ऑक्टेन. एका लग्नात नवरदेव रुसला, सगळे त्याच्या मिनतवाऱ्या करत होते, आणि हे मला मांडवाच्या कोपऱ्यात नेऊन त्याचं टायमिंग मागे घ्यायला हवं असं सांगत होते. माझा ऑक्टेन उत्तम असं त्यांचं मत. दमलेल्या माणसाला राग येत नाही, एवढंच खरं तर त्याचं कारण. पण त्यामुळे पुढची सीट कायमची माझ्या गळ्यात पडली.

त्या गाडीत बसणं म्हणजे मौनव्रत. गाणी बंद, बोलणं बंद, चिवडा खायला बंदी. चढ लागला की साडू मान तिरकी करून इंजिनाचा कानोसा घेत, आणि मागे ताई किणकिण होऊ नये म्हणून दोन्ही हातांतल्या बांगड्या घट्ट धरून बसत. इतकी वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याच्या इंजिनासाठी बांगड्या आवळून बसते, हे बघून मला हसूही यायचं आणि कंटाळाही.

मागे एकदा आम्ही त्यांच्या लेकीकडे टोकावड्याला निघालो होतो. मुरबाड सोडलं आणि गॅस संपला. पुढे गॅसचा पंप नाही. साडूंनी बटण पेट्रोलवर टाकलं, "आता माझ्या कानाची परीक्षा" म्हणाले आणि चढाला गाडी दामटली. इंजिन असं टकटकायला लागलं की कुणीतरी आतून दार ठोठावतंय असं वाटावं. साडूंची मान तिरकी, चेहरा प्रसन्न.

"बघ," ते म्हणाले, "कशी गप चाललीय."

मी मागे वळलो. ताईंनी बांगड्या धरलेल्याच होत्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांनी नुसती मान हलवली: सांगू नका. साडूंचा कान गेलाय हे त्यांना केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे. इंजिन वाचवायला हवं होतं आणि माणूसही. मी पोट दाबत मोठ्याने ओरडलो, "जरा पाय काढा, मळमळतंय." साडूंनी पाय काढला, टकटक थांबली.

आता नातेवाइकांत मी पोटाचा नाजूक म्हणून प्रसिद्ध आहे. चढावर आवाज आला की मला मळमळतं. साडू माझ्यासाठी गाडीत आलेपाक ठेवतात, आणि तो खाऊन खाऊन मला खरोखरच जळजळ होते. ताई अजून बांगड्या धरून बसतात. कालही चढ आला. मी तोंड उघडायच्या आत साडूंनी पाय थोडा सैल केला आणि समोर रस्त्याकडे बघतच, नेहमीपेक्षा हळू आवाजात विचारलं,

"पोट कसं हाय रे तुझं?"

त्यांना सगळं कळलंय.

"बरं आहे," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "चालू द्या."