कॉलरवरची पिवळी चिठ्ठी

इस्त्रीच्या दुकानात त्यांना सगळे कडकराव म्हणत. घडी कडक, पण माणूस मऊ. आठ वर्षांपूर्वी मन भरकटलं तेव्हा तीन दिवस न झोपता त्यांनी शेजाऱ्यांचे पडदे न विचारता उतरवून इस्त्री करून ठेवले होते. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मन ताळ्यावर ठेवणारी लिथियमची गोळी, ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि भट्टीसारख्या उकाड्यात घाम जातो म्हणून टेबलाशी पाण्याचा तांब्या.

गोळी घेतल्याची खूण ठेवायची त्यांची पद्धत धंद्यातलीच होती. गिऱ्हाइकाच्या कपड्याला चिठ्ठी टाचतात तशी 'सकाळची गोळी' लिहिलेली पिवळी चिठ्ठी ते गोळी गिळल्यावरच स्वतःच्या कॉलरला टाचत. संध्याकाळी दुकान बंद करताना बायको ती काढून घेई.

त्या दिवशी बायको लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी, हॉस्पिटलात होती. सकाळी गोळी तळहातावर असतानाच तिचा फोन आला.

"अहो, आजोबा झालात! नात झाली!"

कडकराव जागच्या जागी गिरकी घेऊन उभे राहिले. दुसऱ्या टेबलावरच्या मेहुण्याला त्यांनी गदागदा हलवलं, समोरच्या चपला शिवणाऱ्याला मिठी मारली, तो सुई सांभाळत ओरडला.

"ऐका," बायको फोनवर म्हणाली, "दुपारच्या गाडीने या. पण गोळ्यांचा घोळ घातलात तर नात हातात देणार नाही."

"घोळ? मी?" असं म्हणून त्यांनी आनंदात एकामागून एक अकरा कोट इस्त्री करून टाकले.

दहाच्या सुमारास हात कॉलरकडे गेला. चिठ्ठी नव्हती. तळहातही रिकामा.

"मेहुणेबुवा, मी गोळी घेतली का हो?"

"भाऊजी, तुम्ही मला घुसळत होतात. मला माझं नाव आठवत नव्हतं, तुमची गोळी कुठून आठवणार?"

गोळ्यांच्या पाकिटात तीन अर्धवट पट्ट्या. काल किती गोळ्या होत्या, देव जाणे. जमिनीवर, टेबलाखाली, तांब्यात, सगळीकडे शोधून झालं.

"घेऊन टाका एक," मेहुणा म्हणाला. "एकाने काय होतंय?"

कडकरावांनी पट्टी हातात घेतली. आतून तर हसू उकळत होतं. हे हसू नातीचं, की पडद्यांचं? गोळी राहिली असेल आणि मन पुन्हा उधळलं तर? अंगठा पट्टीवर दाबला गेला, आणि थांबला. त्यांनी औषधवाल्याला फोन लावला.

"आठवत नाही ना? मग घेऊ नका," औषधवाला म्हणाला. "एखादी राहिली तर निभतं. दोनदा पोटात गेली तर रक्तातलं लिथियमचं प्रमाण वाढतं. हात फार थरथरले, जुलाब-उलट्या झाल्या, तोल गेला, तर सरळ हॉस्पिटल गाठा. संध्याकाळची वेळेवर घ्या, एकच. आणि अभिनंदन, आजोबा!"

पट्टी खिशात गेली. मेहुण्याने तोंड वाकडं केलं.

बारा वाजता दारात निवृत्त हेडमास्तर उभे, अंगात आज सकाळीच दुकानातून नेलेला कोट, चेहरा लालबुंद.

"कडकराव, हा काय प्रकार? सत्काराला गेलो. अध्यक्ष विचारतात, सर, कसली गोळी चालू आहे? मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी वाचलं!"

कोटाच्या कॉलरवर पिवळी चिठ्ठी डुलत होती. गोळी गिळून, आनंदाच्या भरात कडकरावांनी ती हाताशी आलेल्या पहिल्या कॉलरला टाचली होती. म्हणजे गोळी पोटात! मेहुण्याचं ऐकलं असतं तर दोन झाल्या असत्या. कडकरावांनी हेडमास्तरांनाच गच्च मिठी मारली.

"अहो, घडी मोडेल!"

"मोडू द्या सर, फुकट घालून देतो! नात झालीय मला!"

हेडमास्तर विरघळले. चिठ्ठी काढून त्यांनी स्वतःच्या हाताने कडकरावांच्या कॉलरला टाचली. "आता जागेवर आहे. पळा."

वाटेत कडकरावांनी औषधवाल्याकडून गोळ्या ठेवायचा सात दिवसांच्या खणांचा डबा घेतला.

हॉस्पिटलात बायकोने आधी कॉलर पाहिली. कडकरावांनी कोटासकट सगळी हकीगत सांगून टाकली. ती पोट धरून हसली, मग डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात गठुड्यातल्या नातीने जांभई दिली. पाठोपाठ आजोबांनीही दिली, जबडा निखळेल एवढी.

"झोप येतेय," बायको म्हणाली. "पडद्यांच्या वेळी तीन दिवसांत एक जांभई नव्हती. धरा, मान सांभाळून."

नातीने पहिली मूठ वळली ती पिवळ्या चिठ्ठीवरच.