एकट्याच्या मापाचा तंबू

लोटन आप्पांच्या हातात काहीही द्या, ते आधी तळहातावर तोलून बघायचे. पाण्याचा तांब्या, लग्नपत्रिका, नवी चप्पल, कुणाच्या घराची किल्ली. डोळे किंचित मिटायचे, हात जरासा वर-खाली व्हायचा आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "इतलं वझं कसाले?" एवढं ओझं कशाला. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी बाळसुद्धा असंच तोललं आणि म्हणाले, "हाई बरी शे. हलकी शे." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. त्या काळात मला आप्पा फार आवडायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फारसं बरं बोलणार नाही.

गुजरातेत, लिंबायतला, आमच्या आणि त्यांच्या खोलीत एकच भिंत होती. पलीकडे आप्पा, त्यांची बायको सुमनअक्का आणि मुलगा रवी. शिरपूरकडची माणसं, घरात अहिराणी, दारात हिंदी, वाण्याकडे गुजराती. आप्पा पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये घडी खात्यात होते, म्हणजे तयार कापड तपासून त्याच्या घड्या घालायच्या. दिवसभर हातातून नायलॉन आणि पॉलिस्टर जायचं. डाग पडलेले तुकडे मिलच्या दारात वजनावर विकत मिळायचे, ते आप्पा घरी आणायचे. अक्का साड्यांना फॉल लावायची, टिकल्या चिकटवायची, आणि मधल्या वेळात पायमशीनवर आप्पांचे तंबू शिवायची.

तंबू कशाला, तर चैत्रात आमच्या गल्लीतून सायकलींचा जथा सप्तशृंगीच्या गडावर जायचा. व्यारा, आहवा, सापुतारा करत वणीला. मुक्काम रस्त्याच्या कडेला, जिथे अंधार पडेल तिथे. आप्पांच्या आधी सगळ्यांत मिळून ट्रकवरची एक जुनी ताडपत्री असायची. ती ज्याच्या कॅरिअरवर यायची तो घाटात देवीचं नाव सोडून बाकी सगळं तोंडातून काढायचा. आप्पांनी पहिल्या वर्षीच सांगितलं, "ज्यानं त्यानं आपलं छप्पर आपल्या सायकलवर न्यावं." मग ते हलक्या तंबूच्या मागे असे लागले की विचारू नका. सुती कापड दवानं भिजून सकाळी दुप्पट जड होतं म्हणून बाद. खताच्या पिशव्यांच्या प्लास्टिकला आतून घाम सुटतो म्हणून बाद. निळी ताडपत्री वाऱ्यात रात्रभर फडफडते, झोप लागत नाही, म्हणून तीही बाद. शेवटी घट्ट विणीचं नायलॉन त्यांना पटलं. बांबू नेणं त्यांनी बंदच केलं. सायकल उभी करायची, दोरी हँडलला आणि सीटला बांधायची, कापड त्यावरून खाली उतरवायचं आणि चाकाचे जुने आरे वाकवून जमिनीत खुंट्या म्हणून ठोकायचे. घडी केली की सगळं हँडलला टांगलेल्या पिशवीत मावायचं.

सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं हे पहिल्या अवकाळी पावसात कळलं. त्यावर शिवणीवर मेणबत्ती घासायची, ही युक्ती अक्काची. गल्लीत मात्र त्याला 'आप्पांचा तंबू' म्हणायचे. अक्काचं नाव त्याला कधी लागलं नाही, आणि ते लागावं असं तिलाही कधी वाटलं नाही, याचा मला जास्त राग यायचा.

पाडवा झाला की ओट्यावर गर्दी व्हायची. यात्रेला जाणारी माणसं तंबू निवडायला यायची आणि आप्पा डॉक्टरसारखे प्रश्न विचारायचे. झोपताना पाय पोटाशी घेतोस की लांब सोडतोस? घोरतोस का? रात्री उठावं लागतं का? उंच माणसाला तिरकं झोपायला शिकवायचे, पण कापड वाढवून द्यायचे नाहीत. "तंबू अंगना मापना लेवो, मनना मापना नही," असं म्हणायचे. आणि माणूस दिलदार, हे खोटं कसं म्हणू? एका पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आप्पांनी सगळे तंबू गच्चीवर नेऊन लेकुरवाळ्या बायकांना दिले आणि स्वतः डोक्यावर पोतं घेऊन बसले.

आता अक्काचं सांगते. रवी होण्याआधी तिची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी तिनं देवीला नवस बोलला: हे जगू दे, आम्ही दोघं जोडीनं सायकलवर तुझ्या गडाला येऊ, गाडीमोटारीनं येणार नाही. रवी जगला, शाळेत जायला लागला, त्याला मिसरूड फुटायची वेळ आली, आणि नवस तसाच राहिला. आप्पा दर चैत्रात जायचे. अक्का दर चैत्रात त्यांना ओवाळायची आणि म्हणायची, "यंदा तरी माले ली चला." आप्पा हसून म्हणायचे, "बाईमानुसले मी नही म्हनत नही. वजनले म्हनस." त्यांना मागं कुणी बसलेलं चालत नव्हतं, तंबूत दुसरं माणूस मावत नव्हतं. पुढल्या वर्षी बघू, हे ठरलेलं.

मी एकदा चिडून म्हटलं, "अक्का, एसटीनं जाऊन ये. देवी काय तिकीट तपासते?" ती म्हणाली, "लता, बोलताना मी सायकल बोलले. आता देवीशी घासाघीस करू का?"

मग तिनं फॉलच्या पैशांतून एक जुनी सायकल घेतली आणि शिकायचं ठरवलं. चाळिशीला आलेली बाई, नऊवारी सोडून पाचवारी नेसली, आणि दुपारी शाळेमागच्या मैदानावर मी सीट धरून तिच्यामागे पळायचे. पोरं ओरडायची, बायका तोंडाला पदर लावायच्या. ती पडली, कोपर फुटलं, हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पावसाळ्याआधी ती पार पर्वत पाटियाच्या नाक्यापर्यंत एकटी जाऊन आली. तिचा त्या दिवशीचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. वजनाचा प्रश्न तिनं असा अर्धा मिटवला. उरलेला अर्धा म्हणजे तंबू.

तो तिनं हिवाळ्यात शिवला. डाग नसलेलं, पातळ आणि घट्ट कापड आप्पांच्याच मिलमधल्या एका बाईकडून मागवलं. दोन माणसं शेजारी निजतील एवढी रुंदी. दोन्ही टोकांना दोन सायकली, मध्ये दोरी. शिवणी दुहेरी, त्यावर मेण. पाडव्याला तिनं तो आप्पांच्या हातात ठेवला. त्यांनी तळहातावर तोलला, पुन्हा तोलला. त्यांच्या जुन्या तंबूपेक्षा तो नावापुरताच जड होता. आप्पा म्हणाले, "मस्त शे." अक्का आत गेली आणि मला भिंतीतून तिचं भांडी घासता घासता गुणगुणणं ऐकू आलं. तिला वाटलं, ठरलं.

निघायच्या आदल्या दुपारी मी ओट्यावर गहू निवडत होते. गल्लीतले वामनराव ऐनवेळी यात्रेला तयार झाले आणि त्यांच्याकडे तंबू नव्हता, आप्पांकडचे जास्तीचे सगळे वाटून झाले होते. आप्पांनी आतून अक्काचा तंबू आणला, ओट्यावर पसरला, वीत टाकून मधोमध माप घेतलं आणि कात्री चालवली. सरळ, इकडून तिकडे. अक्का दारात उभी होती. तिच्या हातात यात्रेसाठी भाजलेल्या दशम्यांचा डबा होता, दोघांच्या.

मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला काही वाटतं का?" त्यांना खरंच कळलं नाही. त्यांचा चेहरा खुलला होता. "कापड वाया गयं का? एकना दोन व्हयनात. वामनराव उघड्यावर झोपतीन का मंग?" मग अक्काकडे वळून म्हणाले, "तुनं पुढला साल." तुझं पुढल्या वर्षी.

अक्कानं डबा खाली ठेवला. "कापलेल्या कडेचे धागे सुटतील, द्या इकडं," म्हणाली आणि मशीनवर बसून तिनं दोन्ही तुकड्यांच्या कडा दुमडून शिवून दिल्या. मला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि तिच्याही. इतकं सोसायची काय गरज होती? पण तिनं सकाळी सगळ्यांना ओवाळलं, आप्पांना कुंकू लावलं. त्यानंतर तिनं गडाचं नाव काढलं नाही. सायकल रवीला देऊन टाकली.

पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. गावठी औषध, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. मी डबा घेऊन जायचे. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "नवस राही गया, लता." एवढंच. दोन दिवसांनी गेली. दहाव्याला आप्पा रडले, खरं रडले, आणि आल्या-गेल्याला सांगत राहिले, "तिची लई इच्छा होती. देवीनं बोलावलंच नाही." माणसं मान डोलवायची. देवीनं बोलावल्याशिवाय गडावर जाता येत नाही, हे आमच्याकडे सगळेच मानतात. मी तिथून उठून घरी आले.

वर्ष सरायच्या आत आप्पांनी नंदुरबारकडची मंगल घरात आणली. टाकलेली, गरीब, खाली मान घालून बोलणारी मुलगी. घरात बाई हवी, रवीकडे कोण बघणार, सगळं खरंच होतं. चैत्र आला आणि आप्पांनी शिंप्याकडून नवा तंबू शिवून घेतला, दोघांचा. मंगलला सायकल येत होती. दोघं जथ्याबरोबर गेली, परत आली. आप्पा ओट्यावर बसून लोकांना सांगत होते, "दोघांचा तंबू जरासा जड जातो, पण घाटात वाऱ्याला चांगला धरतो. मी उगाच भ्यायचो." आणि मला म्हणाले, "लता, सुमनचा नवस फेडून टाकला. जोडीनं बोललेला होता, जोडीनंच फेडला."

मी घरात आले आणि दार लोटून घेतलं.

दुपारी मंगल प्रसाद घेऊन आली. खण, नारळाचा तुकडा, कुंकवाची पुडी. ती दारातच थांबली आणि हळूच विचारलं, "ताई, सुमनअक्का कशा होत्या?"

मी विचारलं, "का गं?"

ती म्हणाली, "गडावर गुरुजींनी नवस कुणाचा विचारलं. यांनी सांगितलं, सुमनचा. गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, सुमन तुम्हीच ना? मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, हो म्हण." तिनं पुडी माझ्या हातात ठेवली. "मग मी हो म्हणाले, ताई."