एक चूल मोम्बासात, एक दारेसलामात

माझे सासरे शिकलेले नव्हते, पण विचार लांबचा करायचे. रत्नागिरीला गलबतांची शिडं शिवायचे. ते काम बसलं तेव्हा आफ्रिकेला गेले आणि मोम्बासाच्या बंदराबाहेर ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायला लागले. त्यांना दोन मुलगे. मोठ्याला माझी बुबू दिली, आमच्यात मोठ्या बहिणीला बुबू म्हणतात, आणि धाकट्याला मी. एकाच दिवशी दोघींचे निकाह झाले आणि एकाच बोटीने आम्ही निघालो. बोट मोम्बासाला लागली तेव्हा सासरे म्हणाले, धाकटी इथे उतरेल. बुबू त्याच बोटीने पुढे दारेसलामला गेली. मी धक्क्यावर उभी, ती वर कठड्याला. मला वाटलेलं दोघी एकाच घरात नांदणार. तसं नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं.

सासऱ्यांनी नंतर समजावलं. आफ्रिकेत आतल्या बाजूला मोठे मोठे देश आहेत, त्यांना समुद्र नाही. युगांडा, रवांडा, काँगोचा इकडचा भाग. त्यांचा माल उतरणार तो एकतर मोम्बासाला, नाहीतर दारेसलामला. दोन्ही बंदरांचं गिऱ्हाईक एकच, म्हणून दोघांचं कायम जुंपलेलं. इथे संप झाला की बोटी तिकडे वळायच्या, तिथली क्रेन बिघडली की इकडे यायच्या. सासरे म्हणाले, "माल कुठेही उतरू दे. ट्रक भरला की ताडपत्री लागणारच. एका घरची चूल विझली तर दुसऱ्या घरची पेटलेली असेल." म्हणून एक मुलगा इथे, एक तिथे. आणि नियम घालून दिला. ज्याच्याकडे काम आहे त्याने पाठवायचं. ज्याच्याकडे नाही त्याने मागायचं नाही, आणि आलेलं परत करायचं नाही.

तेव्हा मोम्बासाचं चांगलं चाललेलं. ट्रकांची रांग आमच्या गल्लीपर्यंत यायची. आमचे हे कापायचे, मी शिवायची. तळहाताला चामड्याचा तुकडा बांधून दाभण रेटायचं. मेणाच्या दोऱ्याने बोटं चिरायची, त्याला खोबरेल लावायचं आणि परत बसायचं. पाठीला मूल बांधून शिवलंय मी. दारेसलामला तेव्हा काम थोडं. मी तांदूळ, साबण, मुलांचे कपडे पिशवीत घालायची आणि पिशवी बसच्या कंडक्टरकडे द्यायची. बुबू घ्यायची. तिचा निरोप त्याच कंडक्टरकडून यायचा, "साबण बरा होता. तांदळात खडे निघाले, तुमच्या बंदरात खडेच उतरतात काय?"

मोम्बासाची माणसं म्हणायची, दारेसलामला बोट बांधली की दोरी कुजते पण माल उतरत नाही. दारेसलामची म्हणायची, मोम्बासाला माल लवकर उतरतो, पण फाटकाबाहेर येईपर्यंत अर्धा राहतो. आम्ही हसायचो. माझे जेठ, म्हणजे बुबूचे मालक, मोठे असून धाकट्या भावाचं घेताना कधी लाजले नाहीत.

मग एक साल असं आलं की पाण्याने नैरोबीकडचा रस्ताच वाहून गेला. मोम्बासात ट्रक उभे ते उभेच. व्यापारी किती दिवस थांबणार, ते दारेसलामला गेले. रस्ता झाला तरी सगळे परत आले नाहीत. आमच्या घरी कसावा, म्हणजे तिकडचा कंद, उकडून मिठाशी खायचो, सकाळी तो आणि रात्री तोच. शिवायचं मशीन होतं ते विकलं. दाभण तेवढं राहिलं, ते कोण घेणार. मी बाजारात लोकांचे मासे साफ करायला जायची. रडले वगैरे नाही. रडून मासे साफ होत नाहीत.

तेव्हा दारेसलामहून पिशवी आली. पहिल्यांदाच तिकडून इकडे आलेली. कंडक्टर दारात उभा. आमच्या ह्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, "परत ने. सांग, इथे सगळं ठीक आहे." मी म्हटलं, "नियम आहे ना. परत करायची नसते." म्हणाले, "नियम करणारा मेला." सासरे वारले होते ते खरंच. पिशवी गेली. आत काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही. बुबूने बांधलेली होती, गाठ तिची होती, एवढं दिसलं.

त्यानंतर तिकडून काही आलं नाही. आम्ही मागायचं नाही, आणि त्यांनी पाठवायचं कसं, एकदा परत केल्यावर? मग हेही गेले. मी मुलाला घेऊन कोकणात आले, लोकांच्या आंब्याच्या पेट्या भरल्या, तो मोठा झाला, कतारला लागला. बुबू हयात आहे एवढं गावात कोणी ना कोणी सांगायचं. मग सांगणारीही माणसं संपली.

मुलगा रास लफानला कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. शिफ्ट ड्युटी. राहायला आम्ही अल खोरला. मी आले तेव्हा इथे वर्ल्ड कपची तयारी चाललेली. सगळीकडे खणलेलं, जिथे तिथे क्रेन. आमच्या इथलं स्टेडियम तर तंबूसारखं बांधलं. सून मला गाडीतून दाखवायला घेऊन गेली. तिला वाटलं मी काही बोलेन. मी म्हटलं, "एवढं कापड, ह्याची शिवण कोणी घातली असेल?" ती म्हणाली, "आई, तुम्ही पण ना."

संध्याकाळी मी समुद्राकडच्या बागेत जाऊन बसायची. समोरच्या रस्त्याने वाळूचे ट्रक जायचे, वर ताडपत्री. आता शिवत नाहीत, प्लॅस्टिक गरम करून चिकटवतात. कोपऱ्यात सुटलेली दिसायची. मी बघत बसायची, दुसरं काम काय.

बागेच्या फाटकावर दोन पोरी सिक्युरिटीला होत्या. दोघी काळ्यासावळ्या, एकच निळा युनिफॉर्म. मला वाटलं बहिणी असतील. एक दिवस भांडताना ऐकलं. स्वाहिली बोलत होत्या. किती वर्षांनी ती भाषा कानावर आली.

उंच होती ती म्हणत होती, "आमच्याकडे नवीन रेल्वे आली. माल उतरला की सरळ नैरोबीला."

दुसरी म्हणाली, "रेल्वे आली आणि तुमचे ट्रकवाले उपाशी बसले, ते सांग की. काँगोचा माल सगळा आमच्याकडे येतो."

"तुमच्या बंदरात रांग लागते."

"रांग कुठे लागते? जिथे काही मिळतं तिथे."

मी बसल्या जागेवरून स्वाहिलीत म्हटलं, "दोघींची बंदरं एवढी मोठी, मग इथे उन्हात कशाला उभ्या आहात गो?"

दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. कोकणातली म्हातारी, डोक्यावर ओढणी, आणि तोंडात मोम्बासाची बोली. मग उंच पोर एवढी हसली की खालीच बसली. तिचा बाप ट्रक चालवायचा. रेल्वे आल्यावर ट्रक विकला, म्हणून ती इथे. दुसरी दारेसलामची. तिने आपलं काही सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, "बीबी, घरी सगळं असतं तर आईला सोडून कोण येतं?" बीबी म्हणजे आजी. तेव्हापासून मी त्यांची बीबी.

मी रोज जायला लागले. चपात्या न्यायची, मासे तळून न्यायची. आणि एक दिवस दारेसलामवालीला विचारलं, कारियाकूच्या बाजारामागे बुबूचं घर होतं ती ताडपत्रीवाल्यांची गल्ली अजून आहे का. ती म्हणाली, "ताडपत्री कोण शिवतं आता? माल लोखंडी डब्यातच येतो, डब्यातच जातो. पण गल्ली आहे. माझी मावशी तिथेच भाजी विकते." महिन्याने ती सुट्टीवर जाणार होती.

घरी येऊन मी मुलाला म्हटलं, मला पिशवी पाठवायची आहे.

तो म्हणाला, "आई, एवढ्या वर्षांत त्यांनी विचारलं का तुला?"

"त्यांनी कसं विचारायचं? परत आपण केली."

"आणि आता त्यांनी परत केली तर?"

मला तीच भीती होती. बुबू लहानपणापासून मानी. तिने पिशवी परत केली असती तर ती चुकीची नव्हती. पण मग मला लहान असताना बघितलेलं माझं कोणी उरलं नसतं. आई बाप गेले, मालक गेले. माझं लहानपण एकट्या बुबूला माहीत.

मुलगा तरी चांगला आहे. सूक वाकिफच्या बाजारात जाऊन खजूर आणले, मसाला आणला, एक गरम शाल आणली. मी दुधाची पावडर घातली, तांदूळ निवडून घातला, एकेक खडा काढला. पिशवीचं तोंड मी दाभणाने शिवलं, आमच्या ताडपत्रीच्या टाक्याने. नाव लिहायला मला येत नाही, आणि तिला वाचायला येत नाही.

पोर पिशवी घेऊन सुट्टीवर गेली. मी बागेत जायची तशी जात राहिले. उंच पोरीला वाटायचं मला बरं नाही. "बीबी, आज बोलत नाहीस." म्हटलं, "बोट लागायची आहे." ती समजली. बंदरातली पोर ती.

दारेसलामवाली परत आली त्या दिवशी मी आधी तिच्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते. पिशवी परत आली नव्हती. मी बाकावर बसले आणि म्हटलं, "सांग."

ती म्हणाली, "घेतली. टाका बघितला आणि म्हणाली, हा आमच्या घरातला. कात्री मागितली नाही, दातानेच तोडायला गेली, आणि दात नव्हते."

"आणि काय पाठवलं माझ्यासाठी?"

"काही नाही, बीबी."

मग मला कळलं. इतके दिवस मी दुवा मागत होते की बुबूने पिशवी घ्यावी. तिने घेतली. आणि उलट काही पाठवलं नाही, म्हणजे तिच्याकडे पाठवायला नाही. बुबू तो नियम कधी मोडणार नाही. मी खोदून विचारलं तेव्हा पोरीने सांगितलं, जेठ कधीच गेले, दुकान गेलं, एक मुलगा होता तोही गेला, आणि सुनेच्या घरात मागच्या खोलीत बुबू राहते. सून बरी आहे, म्हणाली. बरी आहे म्हणजे काय ते मी दुसऱ्याच्या घरी राहिलेली बाई, मला समजतं. घेतली म्हणून बरं वाटावं, की घ्यावी लागली म्हणून वाईट, मला कळेना. दोन्ही वाटलं. अजून वाटतं.

मला दाखवायला म्हणून पोरीने फोनवर तिचा फोटो काढायला बघितलेलं. बुबूने तोंडावर पदर घेतला. म्हणाली, "मला दाखवू नको, ती घाबरेल." पण आवाज भरून दिला होता. मी घरी जाऊन ऐकला. आवाज आमच्या आईचा झालाय तिचा. कोकणीतच बोलली, अडखळत, तिकडे आता कोणाशी बोलणार. "गो धाकटे. खडा एकही नव्हता, म्हणजे तू म्हातारी झालीस, तुला वेळ आहे. खजूर पुढल्या वेळी नको, चावत नाही. तुझ्या मोम्बासाचं काय?" एवढंच. नात शेजारी बसलेली. तिने विचारलं, "हू इज शी, दादी?" मी म्हटलं, परत लाव. तिने परत लावला.

पुढल्या वेळी म्हणाली ती. म्हणजे पुढली वेळ आहे.

मुलाने म्हटलं, वर्ल्ड कप होऊ दे, मग तुला दारेसलामला नेऊन आणतो. तोवर सुट्टी मिळत नाही कोणाला. मी म्हटलं, इन्शाल्ला. माझे गुडघे आणि बुबूचं वय, दोघांनी थांबायचं ठरवलं तर. थांबणं जमतं मला. पण पिशवी थांबवायची नाही. शेवया आणल्या, रवा भाजून घेतला, मऊ बिस्किटं आणली.

दारेसलामवालीला परत सुट्टी लवकर नव्हती. उंच पोर निघालेली, मोम्बासाला. ती म्हणाली, "दे इकडे. मोम्बासाहून दारेसलामची बस आहे, माझा भाऊ देईल पोचवून." दुसरीने तोंड वाकडं केलं. तशी ही म्हणाली, "बघ, तुमचं बंदर केवढं मोठं, आणि बीबीचा माल शेवटी आमच्यावरूनच जातोय."

"पोचला तर," दुसरी म्हणाली. "तुमच्या फाटकातून अर्धाच बाहेर येतो."

मी हसले. उंच पोरीला म्हटलं, बस सुटते तिथून आमची जुनी गल्ली जवळ आहे, जमलं तर तिथून जा. काही बघायचं नाही, नुसतं जा. ती बरं म्हणाली. विमानतळावर न्यायला गाडी आलेली, ड्रायव्हर यल्ला यल्ला करत होता. तिने पिशवीला हात घातला. माझाही हात होता.

"बीबी," ती म्हणाली, "सोड."